मनी प्लांटचा विडा

माझ्या बायकोने आयुष्यात एकच चोरी केली आणि तिचा मुद्देमाल मी खाल्ला.

नुसता खाल्ला नाही. चुना लावून, वर सुपारी घालून, 'वा!' म्हणत खाल्ला. ही गोष्ट मी सांगायला लागलो की ऐकणारे हसतात, बायको हसत नाही. तिचं म्हणणं असं की मी नेहमी भलत्या टोकाने सुरुवात करतो. तेव्हा या वेळी तिच्या टोकाने सांगतो.

विमलचं माहेर वाईचं. घरामागे मोठं परस, त्यात केळी, कर्दळी, अबोली, गवती चहा, आणि भिंतीतून आपोआप उगवणारे पिंपळ. तिच्या माहेरी झाडं लावावी लागत नसत, उपटावी लागत! अशा मुलीला लग्नानंतर मी थेट मद्रासला आणली. साठच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. माझी बदली गिंडीच्या ऑफिसात झाली होती आणि मांबळमला एका घरात तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा पोर्शन मिळाला होता. खोल्यांना खिडकी एकच. ती उघडली की समोर शेजारच्या घराची भिंत, आणि तीही इतकी जवळ की हात लांब करून तिच्यावर पाढे लिहावेत. ऊन आमच्याकडे पाहुण्यासारखं यायचं. सकाळी घटकाभर टेकायचं आणि चहालाही न थांबता जायचं.

मी सकाळी गाडी पकडून गिंडीला जाई तो संध्याकाळी परत येई. मधला सगळा वेळ विमल त्या भिंतीकडे बघत बसे. तिला तमिळ येत नव्हतं, आणि भिंतीला मराठी येत नव्हतं. मग तिने ठरवलं, घरात झाडं लावायची.

पहिला आणला नेचा. दारावर हातगाडी घेऊन येणाऱ्या माणसाने हातवारे करून सांगितलं की हा उटीचा आहे. मांबळमच्या मे महिन्यात उटीच्या नेच्याने जसं वागावं तसंच तो वागला. जूनमध्ये त्याची शेवटची काडी आम्ही मोरीशेजारी ठेवून दिली आणि गुलाब आणला. गुलाबाला ऊन हवं! मग कुंडी उन्हामागे फिरवायची: सकाळी खिडकीत, दहा वाजता दारात, बाराला मागच्या विहिरीपाशी. रविवारी हे काम माझ्याकडे असे. दोन रविवारांत माझी कंबर गेली आणि तिसऱ्या रविवारी गुलाब गेला.

मग क्रोटन. क्रोटनला काही होत नाही असं सगळे सांगत होते. विमल सकाळी त्याला पाणी घाले. हे तरी जगावं म्हणून मी संध्याकाळी गुपचूप घाली. आणि वर राहणाऱ्या घरमालकीणबाई, तुळजाक्का, त्या आपल्या कढीलिंबाच्या झाडाला आंबट ताक घालत ते उरलं की दुपारी दया येऊन आमच्या क्रोटनला घालत. कुणी कुणाला सांगितलं नाही. बिचारं क्रोटन तिघांच्या मायेत बुडून मेलं.

त्या संध्याकाळी विमलने कुंडी विहिरीपाशी उपडी केली, हात धुतले आणि म्हणाली, "दिवाळीला मी वाईला जाईन ती तिकडेच राहीन."

"राहीन म्हणजे?"

"म्हणजे राहीन. ज्या घरात झाडसुद्धा जगत नाही तिथं माणसानं काय करायचं? तुमची बदली झाली की कळवा."

"अगं, बदलीला पाच-सात वर्षंही लागतील!"

"मग तेव्हा कळवा."

ती रडली असती तर मी समजूत काढली असती. पण ती शांतपणे बोलली आणि मला घाम फुटला. (मद्रासमध्ये घाम तसाही फुटतो, पण हा वेगळा होता.) ती गेली तर त्या दोन खोल्यांत मी आणि ती भिंत, एवढेच उरणार होतो. मला ती हवी होती. लग्नाला वर्ष व्हायचं होतं आणि हे तिला तोंडाने सांगायची त्या काळी पद्धत नव्हती. म्हणून मी झाडांची चौकशी करायला लागलो.

चौकशी तुळजाक्कांकडे. त्या आणि त्यांचे यजमान माधवराव हे तंजावरचे मराठी. कित्येक पिढ्या तिकडेच गेलेल्या. त्यांचं बोलणं ऐकताना वाटायचं, कुणीतरी बखर वाचतंय आणि शेजारी रेडिओवर तमिळ बातम्या लागल्यात.

"मनी प्लांट लाव, मा," तुळजाक्का विमलला म्हणाल्या. "अंधारांत उगवतें, बाटलीच्या पाण्यांत उगवतें, विसरलीस तरी उगवतें. पण विकत घेतलें कीं गेलें! मागून घेतलें कीं गेलें! चोरूनच आणायला पाहिजे."

"चोरून?" विमल दचकली. "माझे बाबा हेडमास्तर आहेत!"

"असूं देत कीं! वाईपर्यंत कोण सांगायला जातंय?"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी चोरतो."

विमलने माझ्याकडे एकदा नीट बघितलं. "तुम्हाला पैसे देऊन कोथिंबीर धड आणता येत नाही," ती म्हणाली, आणि विषय संपला. निदान मला वाटलं, संपला.

पुढे नवरात्र आलं. मद्रासमध्ये नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला गोलू म्हणतात. बायका एकमेकींच्या घरी गोलू बघायला जातात आणि येताना हरभऱ्याची उसळ, हळदकुंकू आणि विड्याची पानं घेऊन येतात. शनिवारी माझ्या साहेबांच्या पत्नी राजम मामी यांच्याकडून विमलला बोलावणं आलं. मी तिला घेऊन गेलो. आत बायकांचं गाणं चाललं होतं, बाहेर मी साहेबांसमोर खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. साहेब पेपर वाचत होते आणि मी पेपरची मागची बाजू.

विमल बाहेर आली ती लालबुंद! तांबुलाची पिशवी तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मला वाटलं, उकडतंय. परतताना बसमध्ये ती एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, माहेर आठवतंय. आता कळतं, पहिल्यांदाच चोरी केलेलं माणूस असंच दिसतं. व्हरांड्यात खांबावर चढलेल्या मनी प्लांटची तीन पानांची वेल हेडमास्तरांच्या मुलीने, चप्पल घालायला वाकल्याचं निमित्त करून, नखाने खुडली होती.

शनिवारी झाड लावत नाहीत, हेही तुळजाक्कांनीच शिकवलेलं. म्हणून विमलने ती वेल ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या सावलीला पितळी वाडग्यात ठेवली. मला सांगितलं नाही; एकदम खिडकीत बाटली लावून चकित करायचं होतं. आता, मद्रासमध्ये माठाशेजारी ओल्या फडक्यात काय ठेवतात हे कुणालाही विचारा. विड्याची पानं! (साहेबांकडची खरी पानं तिने रविवारी सकाळीच देवीपुढे ठेवली होती. हे मला कोण सांगणार?)

रविवारी पुरणपोळीचं जेवण झालं. विमल औषधाची एक रिकामी बाटली घासायला मागे विहिरीवर गेली. इतक्यात माधवराव आपला पानाचा डबा घेऊन गप्पा मारायला खाली आले. दर रविवारचा हा शिरस्ता होता आणि दर रविवारी आमचं एकाच विषयावर भांडण व्हायचं. मी पुण्याचा, तेव्हा माझ्या मते पान खावं ते पुण्याच्या माणसाने. त्यांच्या मते पान पिकावं ते कुंभकोणमला आणि खावं ते तंजावरकडच्या माणसाने.

"पुण्याच्या जिभेला आमचें पान सोसत नाहीं, पा," ते नेहमी म्हणत.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला आणि चेहरा पाडला. "गोलूच्या बायका सगळीं पानें घेऊन गेल्या."

"थांबा!" मी म्हणालो. "आज आमच्याकडचं घ्या. साहेबांच्या घरचं आहे."

मी फडकं उलगडलं. पानं तीन होती, जाड होती, मेण लावल्यासारखी तुकतुकीत होती आणि वेलीसकट होती. शहाण्या माणसाला शंका आली असती. मला अभिमान वाटला. साहेबांच्या घरचं तांबूल, तेही वेलीसकट! मी पानं खुडली, वेलीचे अडकित्त्याने बारीक तुकडे केले आणि मोरीत टाकले. माधवरावांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, त्यांनी पानाकडे न बघता चुना लावला. मी बघून लावला. हा फरक मला आजही छळतो.

पान तोंडात गेलं. एक क्षण काही झालं नाही. मग कुणीतरी जिभेवर टाचण्यांचा डबा ओतला.

"कसें आहे?" माधवरावांनी विचारलं. त्यांचा विडा अजून हातातच होता.

थुंकावं हे उघड होतं. पण समोर माधवराव बसले होते, आणि त्यांचं ते 'सोसत नाहीं' माझ्या कानात होतं. मी डोळ्यांतलं पाणी आत ओढून म्हणालो, "वा! फर्मास! जरा कडक आहे, इतकंच."

त्यांनी विडा तोंडात टाकला. दोनदा चावला. त्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या आणि टकलाच्या दिशेने निघाल्या.

"तुम्हाला कसं वाटतं?" मी विचारलं.

"बरें आहे," माधवराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "सौम्य आहे."

सौम्य! मग मी आणखी जोरात चावायला लागलो. तेही चावायला लागले. दोघांच्या गालांवरून धारा लागल्या होत्या, दोघांची नाकं गळत होती, आणि दोघंही एकमेकांकडे बघून मान डोलावत होतो. पुणे थुंकेना आणि तंजावरही थुंकेना! शेवटी "आणखी एक घ्या ना," असं मी म्हणायला गेलो तर तोंडातून नुसतं "आंई ए ए आ" असं निघालं. माधवरावांनी त्याच भाषेत नको म्हटलं. त्यानंतर आम्ही दोघं एकाच वेळी मोरीकडे धावलो आणि दारात अडकलो.

आवाज ऐकून तुळजाक्का खाली आल्या. त्यांचा नवरा मोरीच्या उंबऱ्यावर जीभ बाहेर काढून बसला होता आणि शेजारी भाडेकरू तसाच!

"अय्यो!" त्या किंचाळल्या. "वारें गेलें! तोंडावरून वारें गेलें!" मग माझ्याकडे बघून त्यांनी विचार बदलला, कारण एकाच वेळी दोघांवरून वारं जात नाही. "विष! काय खाल्लेंत? कोणीं दिलें?"

मी चुन्यात बोट बुडवून फरशीवर लिहिलं: 'साहेब'.

एवढं एकच लिहायला नको होतं. पुढे 'यांच्या घरचं पान' असं लिहायचं होतं, पण चुना संपला.

"साहेबानें विष घातलें!" तुळजाक्कांनी गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर केलं. "आज सकाळीं मी त्यांच्या घरीं फोन करवून साहेबाच्या बायकोला गोलूला बोलावलें! येऊं दे, येऊं दे तिला!"

विमल बाटली घेऊन आत आली. तिने आधी मला पाहिलं, मग माधवरावांना, मग माठाशेजारचं उलगडलेलं फडकं. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. माझ्या काळजीने झाला असं मी समजलो आणि इतक्या आगीतही मला बरं वाटलं.

आणि त्याच वेळी दारात राजम मामी! हिरवी रेशमी साडी, केसांत मोगरा, हातात फळांची परडी, चेहऱ्यावर हसू. हळदकुंकवाऐवजी त्यांना सामोऱ्या गेल्या तुळजाक्का, हात नाचवत. पुढचं तमिळ इतकं वेगाने झालं की मला दोनच शब्द कळले: वेत्तिलै, म्हणजे विड्याचं पान, आणि पोलीस.

मामींच्या हातातली परडी कलंडली. मोसंबी घरभर धावली. त्या मटकन खाली बसल्या आणि रडायलाच लागल्या. काल गावातल्या निम्म्या बायकांनी त्यांच्या घरून पानं नेली होती! आता घरोघरी नवरे जिभा काढून बसले असतील असं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असणार. "माझ्या हातून काय झालं हे?" असं काहीतरी त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी भिंतीला टेकून मनात हिशेब करत होतो: जीभ गेली, नोकरी गेली, आणि यानंतर बायको दिवाळीपर्यंतसुद्धा थांबायची नाही.

"पान त्यांचं नव्हतं!"

विमल बोलली होती. खोलीच्या मधोमध उभी, हातात ती बाटली. "पान त्यांनी दिलेलं नाही. ते मनी प्लांट आहे. मी चोरलं. त्यांच्या व्हरांड्यातून मी चोरलं, तुळजाक्का. सांगा त्यांना. त्यांना रडू नका म्हणावं."

लग्न झाल्यापासून मी या मुलीला भित्री समजत होतो. तिला गप्प राहता आलं असतं. कुणाला कधीच कळलं नसतं. पण दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी तिला बघवलं नाही. मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की मी काहीतरी बोलायला गेलो. "अं आ आं," इतकंच जमलं.

तुळजाक्कांनी तमिळ केलं. विमलची चार वाक्यं तमिळमध्ये बरीच लांबली, आणि मध्येच माझ्याकडे दोनदा बोट केलं गेलं, म्हणजे माझ्याही अकलेचा उल्लेख झाला असावा. मामी ऐकत राहिल्या. डोळे पुसले. मग त्यांनी एक प्रश्न विचारला.

"कोणत्या खांबावरचें, असें विचारतात," तुळजाक्का म्हणाल्या.

"डावीकडच्या," विमल खाली बघत म्हणाली.

मामींच्या तोंडून आधी एक बारीक आवाज निघाला. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं, पुन्हा रडतायत. त्या हसत होत्या! हसता हसता त्यांनी जे सांगितलं ते तुळजाक्कांनी आम्हाला सांगितलं: डावीकडच्या खांबावरची वेल त्यांनी स्वतः एका जज्जाच्या बंगल्यातून पदराआड आणली होती, आणि उजवीकडची आणली होती नणंदेकडून, श्राद्धाच्या दिवशी!

"म्हणजे विष नाहीं?" तुळजाक्कांनी आपल्या नवऱ्याकडे बघत विचारलं.

"विष नाही. अळूसारखं खाजतंय ते," विमल म्हणाली. आता ती परत वाईची झाली होती. तिने चिंचगुळाचे दोन गोळे केले आणि आमच्या तोंडात कोंबले. "गिळू नका. धरून ठेवा. आणि बोलू नका." तुळजाक्कांनी ताक आणलं, मामींनी स्वतः पंख्याने वारा घातला. मी आणि माधवराव शेजारी शेजारी, गाल फुगवून, बक्षीस मिळालेल्या मुलांसारखे बसलो होतो. संध्याकाळपर्यंत जिभा जागेवर आल्या. वरच्या मजल्यावर जाऊन मामींनी तुळजाक्कांचा गोलू बघितला, गाणं म्हटलं, उसळ खाल्ली. फक्त निघताना दिलेली पानं त्यांनी उजेडात धरून पाहिली. आपलं वाटोळं झालं नाही या आनंदात मी त्यांना तीनदा नमस्कार केला.

माधवराव बरे झाल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पुण्याच्या माणसानें आधीं थुंकलें."

मामी विमलला म्हणाल्या होत्या, उद्या ये, मी तुला चांगली लांब वेल देते. यावर तुळजाक्कांनी हरकत घेतली. दिलेलं उगवत नाही! बराच वेळ विचारविनिमय झाला आणि तोडगा निघाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही साहेबांकडे गेलो. मामी व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि मोठ्याने भजन म्हणायला लागल्या. साहेब आरामखुर्चीत होते. मामींनी मान न वळवता काहीतरी बजावलं, तेव्हा त्यांनीही मुकाट्याने पेपर तोंडासमोर धरला. विमलने डावीकडच्या खांबावरून हातभर वेल चोरली. "आच्चा?" मामींनी विचारलं. झालं का? "झालं," विमल म्हणाली, आणि मग दोघी हसत सुटल्या. साहेबांचा पेपरही हलत होता.

ती वेल बाटलीत रुजली. अंधारी खिडकी तिला मानवली. पांढरी मुळं फुटली, नवं पान आलं, मग दुसरं; दिवाळीच्या सुमाराला तिने खिडकीचा गज धरला आणि समोरची भिंत थोडी थोडी झाकायला लागली. दर शुक्रवारी विमल मामींकडे जायला लागली. भजनं शिकली, तमिळ शिकली, आणि कुणाच्या घरी कोणती वेल आहे याची चर्चा त्या दोघी कुजबुजत करायला लागल्या. हेडमास्तरांना अजून माहीत नाही.

दिवाळी तोंडावर आली तरी वाईचा विषय निघेना. शेवटी मीच धीर केला. तिने नाही म्हणावं असं मनातून वाटत होतं, म्हणून विचारताना मी दुसरीकडे बघत होतो.

"मग... तिकीट काढायचं ना तुझं?"

"कसलं तिकीट?"

"वाईचं. राहायला जाणार होतीस."

तिने वेलीवरची धूळ ओल्या बोटाने पुसली. "मी गेले तर हिला कोण बघणार?"

"मी आहे की!"

विमलने वळून माझ्याकडे बघितलं, मग वेलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि स्टुलावर चढून बाटली खिडकीच्या वरच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही अशी ठेवली.

इतरांच्या बायका नवऱ्याचे हाल होतील म्हणून माहेरी राहत नाहीत. माझी बायको, नवरा झाड खाईल म्हणून मद्रासला राहिली. राहिली, हे काय कमी आहे! घरात आधी वेलीचा नंबर लागतो, मग माझा. पण पाणी आम्हा दोघांनाही वेळेवर मिळतं.